आत्याला विचारा: चोवीसचा पाढा

पत्र असं आहे:

«आत्या, आम्ही मिरजेचे. नवरा तीन वर्षांपासून दुबईत एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. मी आणि मुलगा दहा महिन्यांपूर्वी आलो. राहतो शारजात, अल नहदाला. इथे आल्यावर कळलं की पहिली दोन वर्षं हा दुबईच्या करामा भागात एका हॉलमध्ये पार्टिशन टाकून राहत होता. घरी सांगितलं होतं ‘रूम आहे’. जुलैत शाळेला सुट्टी लागली की पहिल्यांदाच गावी जाणार. गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर यादी आली. दिराला ५५ इंची टीव्ही. नणंदेला मुलीसाठी एक तोळ्याचं नाणं, ‘तिकडे स्वस्त असतं ना’. पुतण्याला फोन. चुलत सासऱ्यांना अत्तर, आणि शेजारच्या काकांना टायगर बाम, ‘ओरिजनल’. सासूबाईंनी काही मागितलं नाही. नवरा म्हणतो, बँकवाल्यांचे रोज फोन येतायत, छोटं लोन काढू, पहिल्यांदाच तर जातोय. खरं सांगितलं तर लोक म्हणणार, बायको गेल्यापासून याचा हात आखडला. आमचा हिशेब सोबत पाठवते. काय करू? ता.क. नळाला उकळतं पाणी येतंय. अंघोळ कशी करायची? — गोंधळलेली सून, शारजा»

अगं, तुझ्या ता.क.चं उत्तर सगळ्यात सोपं आहे. पण ते शेवटी देते, नाहीतर तेवढं वाचून अंघोळीला पळशील.

हिशेब दोनदा वाचला. अकाउंटंटची बायको शोभतेस. पगार ९,००० दिरहम. भाडं ३,०००. मुलाची शाळा आणि बस १,१००. वीज, पाणी, इंटरनेट ९००. गाडीचा हप्ता, पेट्रोल आणि सालिक, म्हणजे टोल, मिळून १,६००. किराणा-भाजी १,५००. मिरजेला ७००. उरले २००. या दोनशेत तुला टीव्ही, तोळा, फोन, अत्तर आणि बाम बसवायचाय. बाम बसेल.

आता हाच पगार मिरजेत कसा वाचतात बघ. दिरहमला चोवीस रुपये धरले तर नऊ हजार गुणिले चोवीस, दोन लाख सोळा हजार. झालं, इथे पाटी ठेवून देतात. तुझ्या सासरी चोवीसचा पाढा सगळ्यांना पाठ आहे, फक्त तो पगारावर म्हणायचा, भाड्यावर नाही असा रिवाज आहे. तू नेमकं उलटं करतेस. कोथिंबिरीची जुडी दोन दिरहम, म्हणजे अठ्ठेचाळीस रुपये, म्हणजे राहू दे कोथिंबीर, आज पोहे तसेच. पहिल्या वर्षी सगळ्याच करतात. मी १९९८ साली आले तेव्हा पाढा साडेअकराचा होता, आणि तो काही शाळेत शिकवलेला नव्हता. माझ्या सासऱ्यांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, यायची, त्यांनाही तो जमेना. ते आपले बाराने गुणायचे आणि आम्हाला आणखी श्रीमंत करून टाकायचे.

दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे रुपया घसरला की इथे आपल्याला एक फिल्सही वाढून मिळत नाही. घरी पाठवलेल्या पैशाला थोडं वजन येतं, म्हणून एक्स्चेंजच्या दारात रांग लागते, तेवढंच. पण मिरजेत त्या दिवशी तुझ्या नवऱ्याची पगारवाढ झालेली असते. पेपरात ‘रुपयाची नीचांकी घसरण’ आलं की दीर फोन करून अभिनंदन करतील. त्यातही ‘व्हॉट्सअॅपवर का नाही लावत, बोटीम कशाला’ हे ऐकावं लागेल ते वेगळं. इथे व्हॉट्सअॅपचा कॉल लागत नाही, बोटीमसारखं वेगळं अॅप लागतं, हे त्यांना अजून आपल्या कंजूषपणाचंच लक्षण वाटतं.

एकेकाळी हा पाढा लागतच नव्हता, बरं का. दुबई-शारजात आपलाच रुपया चालायचा. लोकांनी तो देऊन सोनं घ्यायला आणि ते चोरून मुंबईला उतरवायला सुरुवात केली, आपली गंगाजळी झिजायला लागली, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या शेखांनी त्या नोटांनाही रामराम केला. दिरहम आला १९७३ साली. थोडक्यात, ‘तिकडून एक तोळा आण’ ही मागणी तुझ्या नणंदेची नाही. ती तुझ्या नणंदेच्या जन्माआधीची आहे.

आता जरा अवघड गोष्टीकडे येऊ. लोकांना दोन लाख सोळा हजार दिसतात, त्यात त्यांची चूक निम्मीच आहे. उरलेली तुमच्या घरात आहे.

तुला ‘बॅचलर’ या शब्दाचा इथला अर्थ एव्हाना कळला असेल. आपल्याकडे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला. आखातात बॅचलर म्हणजे ज्याची बायको इथे नाही तो. दोन मुलांचा बाप, पन्नाशीचा, बीपीची गोळी घेणारा माणूससुद्धा इथे बॅचलर असतो, आणि ‘फॅमिली बिल्डिंग’चा वॉचमन त्याला आत घेत नाही. पगार जरा बरा असेल तर तो ‘एक्झिक्युटिव्ह बॅचलर’. करामातल्या विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या असशील: पार्टिशन उपलब्ध, एक्झिक्युटिव्ह बॅचलरसाठी, मेट्रोजवळ, खिडकीसह. ‘खिडकीसह’ हे ठळक अक्षरात असतं, कारण बहुतेक पार्टिशनांना ती नसते. जिप्सम बोर्डाच्या पलीकडे एकजण घोरतो आणि अलीकडे दुसरा घरी फोन करून सांगतो, हो, रूम चांगली आहे. खोटं नाही बोलला तो. चार भिंती होत्या, एक दारही होतं. फक्त तीन भिंती ठोकल्या की पोकळ वाजायच्या, हे त्याने सांगितलं नाही.

म्हणजे गोष्ट सुरू केली त्याने, आणि चित्रं घातलीस तू. चिडू नकोस, तुझे फोटो मी पाहिलेत. दुबईतल्या मराठी बायकांत तसं काही लपून राहत नाही. बुर्ज खलिफा पाच वेळा, सगळे खालून, कारण वर जायला तिकीट आहे. कारंजं तीन वेळा, ते फुकट. मॉलमधला मत्स्यालयाचा काचेचा पडदा, बाहेरून, तोही फुकट. एक दिरहम देऊन अब्रात, म्हणजे इथल्या होडीत, बसून खाडी ओलांडलीस, आणि खाली लिहिलंस ‘क्रूझ लाइफ’. आणि दुबईतल्या देरा भागातल्या सोनेबाजारात काचेमागे ती जगातली सगळ्यात मोठी म्हणून ठेवलेली सुमारे ६४ किलोची सोन्याची अंगठी आहे ना, तिच्यापुढे उभी राहून हसतेस. चौसष्ट किलोपुढे उभ्या राहिलेल्या वहिनीकडे नणंदेने एक तोळा मागितला तर तिने फार काही मागितलं असं मला तरी वाटत नाही.

अल नहदाच्या बाल्कनीतून समोरच्या बिल्डिंगचे एसीचे खोके दिसतात, त्यांचा फोटो कोण टाकतं म्हणा. मीही नाही टाकला. माझ्या वेळी फोटो नव्हते, ब्लँकेट होतं.

पहिल्या सुट्टीला, १९९९ साली, मी सासूबाईंसाठी दुपदरी कोरियन ब्लँकेट नेलं. सहा किलो. त्यावर वाघ होता. शिवाय टँगचे डबे, निव्हियाचे डबे, टायगर बामच्या दोन डझन बाटल्या. काउंटरवर वजन सात किलो जास्त भरलं. बॅग तिथेच फरशीवर उघडली, मागे रांग, आणि मी टँगचे डबे नवऱ्याच्या कोटाच्या खिशात भरतेय. तो कोट त्याने मेच्या उकाड्यात अंगात घातला आणि ब्लँकेट हातात घेतलं. तसा तो वाघ मांडीवर घेऊन मुंबईपर्यंत बसला. सासर माझं चिपळूणचं. चिपळूणच्या हवेत ब्लँकेट! सासूबाईंनी ते एकदाही पांघरलं नाही. पाहुणे आले की पलंगावर अंथरायच्या, गेले की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, डांबरगोळ्या टाकून कपाटात. अजून आहे. आणि ती सगळी खरेदी क्रेडिट कार्डावर होती. फेडायला चौदा महिने लागले. वाघाचे किमान हप्ते भरत होतो आम्ही.

म्हणून लोन नको. हे मी तुला सुचवत नाहीये, सांगतेय. नियमाप्रमाणे इथली बँक पगाराच्या वीसपट कर्ज देऊ शकते, म्हणजे तुमच्या पगारावर एक लाख ऐंशी हजार दिरहम, अठ्ठेचाळीस महिन्यांच्या मुदतीने. त्या फोनवरच्या मुलीला तुझ्या नवऱ्याचं फार कौतुक वाटतं असं नाही, तिला टार्गेट असतं. उद्या नोकरी गेली तर व्हिसाही जातो, हप्ता मात्र इथेच राहतो. हप्ते थकले तर बँक कोर्टातून प्रवासबंदी आणू शकते. मग मिरजेला रिकाम्या हाताने जाण्याचीसुद्धा सोय नाही.

मग करायचं काय? घरच्या ग्रुपवर खुलासा टाकू नकोस. ग्रुपवर गरिबी सांगितली की कोणीतरी हात जोडलेली चित्रं टाकतं आणि विषय तिथेच मरतो. एकाच माणसाला सांग, ज्याने काही मागितलं नाही त्याला. सासूबाईंना.

कागद घे, आणि पाढा शेवटपर्यंत म्हण. भाडं बहात्तर हजार रुपये. शाळा सव्वीस हजार चारशे. वीज-पाणी-नेट एकवीस हजार सहाशे. गाडी अडतीस हजार चारशे. किराणा छत्तीस हजार. तुम्हाला पाठवतो ते सोळा हजार आठशे. शिल्लक चार हजार आठशे. सगळं मराठीत, रुपयात, मोठ्या अक्षरात लिही. तू काही बोलू नकोस, कागद फक्त पुढे ठेव आणि चहा टाकायला आत जा. भाड्याच्या आकड्यावर त्या थांबतील. ‘बहात्तर हजार? दर महिन्याला?’ असं एकदा विचारतील, मग मिरजेत बहात्तर हजारात किती महिने घर चालतं याचा हिशेब स्वतःच करतील. गाडीच्या ओळीतलं सालिक म्हणजे काय विचारलं तर सांग, रस्त्यावरच्या कमानी आहेत, खालून गाडी गेली की गर्दीच्या वेळी सहा दिरहम आपोआप कापले जातात, एरवी बहुतेक वेळ चार. नावाचा अर्थ म्हणे ‘मोकळा रस्ता’. हे सांगताना हसू नकोस. तुमचा मुलगा पहाटे पावणेसहाला निघतो आणि तरी त्या मोकळ्या रस्त्यावर दीड तास उभा असतो, हेही सांगून टाक. पंचवीस-तीस किलोमीटरला दीड तास म्हटल्यावर मिरजेतल्या माणसाला आधी ते खरंच वाटणार नाही.

पार्टिशनचं मात्र तू सांगू नकोस. ते त्याचं आहे. त्याला सांगावंसं वाटलं तर तो आईला सांगेल, आणि न सांगताही आयांना बरंच कळतं.

पुढचं काम सासूबाई करतील. सुनेने सांगितलेली अडचण ही तक्रार असते, तीच सासूने सांगितली की बातमी होते. नागपंचमीपर्यंत ती तासगावच्या मावशीपर्यंत पोहोचली नाही तर मला कळव. ‘पगार दोन लाख पण घरभाडंच बहात्तर हजार गं’ हे वाक्य त्या इतक्या तोऱ्यात म्हणतील की त्यातही आपल्या मुलाची शानच वाटेल. वाटू दे. मला त्यात काही गैर दिसत नाही.

यादी भराभर उरकते. दिराला सांग, चपट्या टीव्हीवरची जकातमाफी २०१३ च्या ऑगस्टपासून बंद आहे. मुंबईला उतरून जकात भरायची, मग तो खोका छातीशी धरून मिरजेपर्यंत रेल्वेने न्यायचा, त्यापेक्षा सांगलीच्या दुकानात तोच टीव्ही घरपोच मिळतो, वॉरंटीसकट. ‘तिकडचं पॅनेल वेगळं असतं’ असं ते म्हणतील. असू दे वेगळं.

नणंदेच्या बाबतीत कायदाच तुझ्या बाजूने आहे, हे तुझं नशीब. सोन्याच्या दागिन्यांची सवलत परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांना मिळते: बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २०. तुला झाले दहा महिने. आणि ती सवलत दागिन्यांना आहे, नाण्याला नाही. नवरा पात्र आहे, पण त्याने नाणं आणलं तरी ते नाणंच. वर इथे दागिन्यावर पाच टक्के व्हॅट आहे. पर्यटकाला तो बराचसा परत मिळतो, आपल्याला नाही. शिवाय २०२४ च्या अर्थसंकल्पात भारताने सोन्यावरची आयात जकात पंधरावरून सहा टक्क्यांवर आणली, तेव्हा ‘तिकडे स्वस्त’मधलं स्वस्तपण बरंच आटलं. हे सगळं नणंदेला समजावू नकोस. ‘वन्सं, एअरपोर्टवर धरतात’ एवढं पुरे.

फोन नाही. पुतण्या आहे, दोन दिवस रुसेल. अत्तर आण, पण मॉलमधलं नको. देऱ्याच्या गल्लीत छोट्या कुपीत तेलाचं अत्तर मिळतं, एक थेंब लावला की माणूस तिसऱ्या गल्लीतून कळतो. चुलत सासऱ्यांना तेच हवं असतं, फक्त तसं म्हणता येत नाही. टायगर बाम मिरजेच्या मेडिकलमध्येही मिळेल, तरी इथूनच ने. बामावर मी वाद घालत नाही.

बाकी सगळ्यांना खजूर. आणि तू जुलैत जातेयस, म्हणजे ऐन हंगामात. या दिवसांत इथे ताजा रुतब येतो, अर्धा पिवळा अर्धा तपकिरी, हाताला मऊ. रमजानमधल्या खोक्यातल्या खजुरापेक्षा वेगळीच चीज. मिरजेत कोणी पाहिलेला नसेल. फळबाजारातून जायच्या आदल्या संध्याकाळी घे, टिकत नाही फार. एका घराला अर्धा किलो, केळीच्या पानासारख्या हिरव्या कागदात नाही, साध्या डब्यात. लोक वस्तू विसरतात, पण ‘दुबईहून आणलेला तो ओला खजूर’ लक्षात ठेवतात. ब्लँकेटपेक्षा हलकाही असतो.

येतानाचं एक सांगते आणि हे विनोदाचं नाही. सासूबाई तुला रिकामी पाठवणार नाहीत. मेतकूट, कुरडया, शेवया, काय हवं ते आण. पण खसखस नको. अनारशाला लावलेली नको, करंजीच्या सारणातली नको, आणि गोड्या मसाल्यात घातली असेल तर तो मसालाही नको. युएईत खसखशीवर बंदी आहे, अफूचं बी म्हणून. आपल्याला अनारसा दिसतो, त्यांना अमली पदार्थ. त्यावरून लोकांना कोठडीत बसावं लागलंय. सासूबाईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या प्रेमाने एक पुडी कपड्यांच्या घडीत सरकवतील. खोकल्याची औषधं आणि वेदनाशामक गोळ्याही तपासून घे. कोडीन असलेलं काही परवानगीशिवाय आणू नकोस.

हो, आणि परतीचं तिकीट ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं असणार, शाळा उघडते म्हणून. म्हणजे गणपती बहुतेक हुकणार. सत्तावीस वर्षांत माझे किती हुकले ते मी मोजत नाही. आपण शारजात शाडूची मूर्ती बसवतो आणि बादलीत विसर्जन करतो. तेव्हा ये माझ्याकडे. मोदक मी करते, नारळ तू खोव.

आता अंघोळ. पाण्याची टाकी गच्चीवर असते. पारा पंचेचाळीसवर गेला की टाकीतलं पाणी तापतं आणि निळ्या चावीतून चहा येतो. तेव्हा मे महिना आला की गिझर बंद करून टाकायचा. गिझर घरात असतो, एसीच्या गारव्यात, बाथरूमच्या छताआड. बंद गिझरमध्ये रात्रभर साठलेलं पाणी सकाळपर्यंत निवतं. मग सप्टेंबर संपेपर्यंत लाल चावी म्हणजे गार पाणी. एका गिझरमध्ये अडीच माणसांची अंघोळ होते. आधी मुलगा, मग तू. तिसऱ्याच्या वाट्याला पुन्हा गच्चीवरचं.

तुझ्या नवऱ्याने करामात दोन उन्हाळे काढलेत. त्याला हे नक्की माहीत आहे. तुला अजून का सांगितलं नाही आणि सकाळी पहिला अंघोळीला कोण जातं, हे तेवढं त्याला विचार.

तुझी,
आत्या